पाण्याविना कापलेला स्लॅब

बातमी आली तेव्हा मी श्रीगोंद्याच्या रस्त्याला एका घरात टेप धरून उभा होतो. मालकाला हॉलमधून वर जायला जिना हवा होता, म्हणजे डोक्यावरच्या स्लॅबला भोक पाडावं लागणार होतं, आणि मी त्याला सांगत होतो की हे फोटो आधी स्लॅब कापणाऱ्या गोरखला दाखवतो, त्याने बघितल्याशिवाय मी रेघ मारणार नाही. सहा महिने गोरख घराबाहेर पडला नव्हता, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी माझं हे वाक्य काही बदललं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. त्याचा धाकटा भाऊ होता. ‘सायेब, दादा गेला,’ एवढंच म्हणाला. मी ‘बरं’ म्हणालो. फोन खिशात ठेवला आणि राहिलेली भिंत मोजली. साडेदहा फूट भरली. मग चहा आला, तोही प्यायलो. साखर जास्त होती, हे आजही आठवतं. निघताना मालकाला पुन्हा म्हणालो की फोटो गोरखला दाखवून कळवतो… गाडीला किक मारल्यावर लक्षात आलं, की मी काय बोललो.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. रडू आलेलं नाही. दहाव्याला लोकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर मी स्लॅब कापण्याआधी खालून टेकू कसे लावावेत यावर बोललो. लोक गंभीरपणे माना हलवत होते. दोघातिघांनी नंतर येऊन सांगितलं की साहेब, छान माहिती दिलीत. मीही त्यांना ‘धन्यवाद’ म्हणालो. एरवी मी चिडका माणूस आहे, कुणी अर्धवट बोललं तरी मला खपत नाही, पण या दीड महिन्यात कुणावर चिडलोदेखील नाही. बायको म्हणते, तुम्ही एकदा ओरडा तरी.

गोरख आणि मी एकाच वर्गात होतो, काष्टीच्या शाळेत. पुढे मी डिप्लोमा करून घरांचे नकाशे काढायला लागलो आणि तो चाकणकडे कंपन्यांच्या बांधकामावर गेला. मी इंजिनिअर नाही, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो मला चारचौघांत मुद्दाम ‘सायेब’ म्हणायचा. बारा-तेरा वर्षांनी तो परत आला तो काँक्रीट कापायचं मशीन घेऊनच. आमच्याकडे लोक आधी खालचा मजला बांधतात, पुढे कधीतरी वर चढवू म्हणून कॉलमच्या सळया आकाशाकडे उभ्या ठेवतात, आणि जिन्याची जागा सोडायला मात्र हमखास विसरतात. मग पोरगा लग्नाचा झाला की घण घेऊन स्लॅबवर चढतात. एक भोक पाडायला जावं तर सगळ्या घराला तडे. गोरख आल्यावर हे थांबलं. तो पाण्याची नळी जोडून, निळ्या दोरीने रेघ मारून स्लॅब असा कापायचा, जशी ताटातली बर्फी. तुकडा एवढाच, की दोघांना उचलता यावा. शेवटचा काप घ्यायच्या आधी तो तुकडा साखळीला बांधलेला असायचा. कुणी ‘स्लॅब पाडायचाय’ म्हणालं, की तो दुरुस्त करायचा, ‘पाडायचा न्हाई, उतरवायचा.’

त्याची आणखी एक रीत होती. घरात शिरला की मशीनला हात लावायच्या आधी तो सगळ्यांना विचारायचा, स्लॅब टाकला त्या दिवशी इथं कोण कोण हजर होतं? सुरुवातीला मला हे नाटक वाटायचं. देवळाली प्रवराला एका घरी कामाला गेलो होतो, तिथले आजोबा स्लॅबवर खुर्ची टाकून बसलेले. ऊस विकून स्वतः उभं केलेलं घर, त्याला करवत लागणार हे त्यांना पटेना. मुलगा हात जोडून थकला. गोरख त्यांच्याशेजारी उकिडवा बसला आणि तोच प्रश्न त्याने विचारला. आजोबा खुलले. कोणता गवंडी होता, जिलबी किती खपली, दुपारी मिक्सर कसा बंद पडला… आणि सांगता सांगता म्हणाले, ‘लोखंड कमी पडलं हुतं. त्या कोपऱ्यात ईहिरीच्या कामातल्या उरल्यासुरल्या सळया टाकल्या, पर कुनाला बोललो न्हाई.’ आम्ही जिना नेमका त्याच कोपऱ्यात काढणार होतो. गोरखने माझा नकाशा घडी करून माझ्याच खिशात घातला. ‘सायेब, कागदावर जिलबी दिसत न्हाई,’ म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. जिना दुसऱ्या बाजूला निघाला आणि ते घर आजही ठणठणीत उभं आहे.

वीसेक वर्षं आम्ही असं एकत्र काम केलं. माझ्या रेघा, त्याचं मशीन. पाण्यावरून मात्र दर उन्हाळ्यात वाद व्हायचा. पाणी लावून कापलं की धूळ उडत नाही, पण राखाडी चिखल भिंतीवरून ओघळतो, फरशी खराब होते, आणि बोअर आटलेला असताना एवढं पाणी दगडावर ओतताना घरच्यांच्या जिवावर येतं. ‘तेवढं कोरडंच कापा की,’ असं लोक सहज म्हणतात. चाकणला असताना त्याने सगळं कोरडंच कापलं होतं, तिथे कोण विचारणार. गावी आल्यावरही आधीची काही वर्षं लोकांच्या भिडेखातर कोरडं कापायचा. तोंडाला ओला टॉवेल बांधला की झालं, असा त्याचा समज. मग खोकला धरला आणि तो पाण्यावर अडून बसायला लागला. मी त्याची बाजू घेऊन गिऱ्हाइकांशी भांडायचो. भिंती पुन्हा रंगवता येतात, असं मी ठिकठिकाणी ऐकवलेलं आहे. मीच.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरात जिना काढायचा ठरला. मुलगी, प्राची, तिचं लग्न ठरत होतं, पण तिला गावातच शिकवणीचे वर्ग चालवायचे होते आणि त्यासाठी वर खोली हवी होती. जावई होणाऱ्या मुलाकडची मंडळी पाच दिवसांनी घर बघायला येणार होती. हॉलला नुकताच रंग दिलेला. एप्रिलचा शेवट, टाकीत टँकरचं पाणी. गोरखने नळी उलगडायला घेतली आणि मी म्हणालो, ‘गोरख, पाण्याविना नाही का जमणार? पाहुणे यायचेत.’ बायको, मंगल, स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, लावू द्या पाणी. रंग काय, परत देऊ.’ मी तिला हाताने गप्प केलं. गोरख नळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखाद्याने चुकीचं माप सांगितलं की तो जसा बघायचा, तसा. मग म्हणाला, ‘जमतंय की. धूळ लई हुईल.’ मी म्हणालो, ‘धुळीचं काय, झाडून घेऊ.’ त्याने नळी पुन्हा गुंडाळली. दोन दिवस कापत होता. आम्ही सगळे शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो होतो, दारं लावून. पाहुण्यांना घर आवडलं.

पुढच्या वर्षी त्याला दोन जिने चढवेनात. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे, ती वर्षानुवर्षांची आहे आणि ती आता निघत नाही. मी त्यातलं ‘वर्षानुवर्षांची’ एवढंच घट्ट धरून ठेवलं. दोन दिवसांच्या धुळीने काय होतं, असं स्वतःला सांगत राहिलो. दर आठवड्याला बाजारच्या दिवशी त्याच्याकडे जायचो. तो दारात खुर्चीवर, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमतंय. मी मोबाईलवर फोटो दाखवायचो, तो बोटाने फोटो मोठा करून बघायचा. शेवटच्या भेटीत त्याला तीन शब्दांच्या पुढे बोलता येत नव्हतं. त्यातही विचारलं, ‘टेकू… खालून… लावले?’ मी हो म्हणालो. आमच्या भेटीत एवढंच बोलणं. माझ्या घरातल्या त्या दोन दिवसांबद्दल मी कधी बोललो नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

तेराव्यानंतर गोरखच्या बायकोने, सुनीतावहिनींनी बोलावलं. बांधकाम कामगारांच्या योजनेचा अर्ज भरायचा होता, त्याला आजारपणाचे कागद जोडायचे होते. त्यांनी पिशवीतून फाईल काढून पुढे ठेवली. मी कागद तारखेप्रमाणे लावायला बसलो. अर्ज भरणं मला जमतं, त्यात काही वाटावं लागत नाही. सगळ्यात खालचा कागद श्रीगोंद्याच्या एका दवाखान्याची चिठ्ठी होती. त्यावर औषधं होती आणि खाली डॉक्टरांनी मराठीत लिहिलं होतं, धुळीचं काम पूर्ण बंद. मी तारीख वाचली. पाहुणे आमच्याकडे आले त्याच्या दोन महिने आधीची होती. मी ती पुन्हा वाचली आणि कागद पुन्हा खाली ठेवला… म्हणजे तो नळी धरून माझ्याकडे बघत होता, तेव्हा त्याला हे माहीत होतं.

वहिनी समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणालो, ‘वहिनी, आमच्या घरचा स्लॅब त्याने कोरडा कापला. मीच सांगितलं होतं.’ हे बोलताना माझा आवाज मापं सांगतानासारखा सपाट होता. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘ठाव हाय.’ त्याने सांगितलं का, असं मी विचारलं. ‘त्यांनी कशाला सांगावं? कपडे मी धुते ना, भावजी. पान्यानं कापलं की चिखल वाळून कपडा कडक व्हतो, आपटावा लागतो. कोरडं कापलं की झटकला तरी धूर निघतो. तुमच्याकडचे दोन्ही दिसाचे कपडे झटकले आन् मला ठसका लागला.’ त्यांनी आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. ‘त्याच्याआधी तीन घरं त्यांनी पान्यापायी सोडली हुती. मी लई भांडले त्या दिवशी. जेवले न्हाई मी. तर म्हनले, सायेबानं आजवर माझ्याकडं सोतासाठी काय मागितलं न्हाई, त्याला कसं न्हाई म्हनू?’

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘आता मला नगा मागू. मी काय म्हनू त्याला?’ आणि उठून आत चहा ठेवायला गेल्या. मी अर्ज पुरा केला. ती चिठ्ठीही जोडली, तारखेप्रमाणे पहिली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिहायचा मोह होतो, पण ते तरी खरं का म्हणावं. मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं आणि याचीच मला भीती वाटते आहे. डॉक्टर सांगतात की दोन दिवसांच्या धुळीने कुणी मरत नाही. ते मला पाठ आहे. पण त्या सगळ्या वर्षांतले हे दोन दिवस असे होते, की त्याला कळलेलं होतं आणि तरी त्याने हो म्हटलं. ते माझ्यासाठी होते आणि ते मी मागून घेतले.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, मंगललाही ती मी सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तुकडे खाली उतरले होते, काम संपलं होतं. मी शेजारून बघायला आलो तेव्हा गोरख स्लॅबच्या कापलेल्या कडेला घासायचं छोटं मशीन लावून बसला होता. धुळीत तो नीट दिसतही नव्हता. मी ओरडून म्हणालो की बस झालं, ते प्लास्टरवाला बघेल. त्याने मशीन थांबवलं, तोंडावरचा टॉवेल खाली घेतला, खोकला, आणि म्हणाला, ‘पोरं वर-खाली पळत्याली शिकवनीची. कुनाचा हात लागंल.’ मग टॉवेल पुन्हा वर घेतला. आणखी अर्धा तास तो ती कड घासत होता, चारही बाजूंनी. एवढं तर मी मागितलेलं नव्हतं. पुढे प्लास्टरवाल्याने हात फिरवून बघितला आणि इथे काही करायची गरज नाही म्हणाला, म्हणून ती कड तशीच उघडी राहिली. प्राचीच्या शिकवणीची मुलं रोज संध्याकाळी पळत वर जातात, वळणावर तोल सावरायला त्या कडेला हात लावतात आणि पुढे जातात. आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. सगळी वर गेली की मी मागून जातो, त्याच ठिकाणी हात ठेवतो, आणि पुढची पायरी चढायला मला वेळ लागतो.