देवाला सोडलेली मोटार

आमचे घरमालक गुरुसिद्धप्पा रोज सकाळी मोटार सुरू करीत आणि पायी दुकानात जात. हे वाक्य मी चुकून लिहिलेले नाही. आंघोळ-पूजा आटोपली की कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते परसातल्या पत्र्याच्या खोलीचे कुलूप काढीत, मोटारीवरची चादर उचलीत, हँडल मारीत आणि इंजिन धडधडू लागले की डोळे मिटून ऐकत उभे राहत. मग इंजिन बंद, चादर पुन्हा वर, दाराला कुलूप. आणि स्वारी छत्री काखेत मारून सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आपल्या चादरींच्या दुकानाकडे चालू लागे.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारा शाळामास्तर. पेठ त्यांना अप्पा म्हणे, म्हणून मीही अप्पाच म्हणे. ती मोटार एका गिरणीतला गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना विकून गेला होता. तांबडी भडक, लांब नाकाची, दोन माणसांची, शर्यतीत पळणाऱ्या जातीची. मागचे झाकण उचलले की आत आणखी दोघांपुरती बैठक निघे. अप्पा ती नुसती बघायला त्या बंगल्यावर इतक्या वेळा गेले होते, की शेवटी साहेबालाच त्यांची दया आली असावी. मोटार हाकायलाही त्यानेच शिकवले.

मोटार दारात आली त्या दिवशी त्यांच्या म्हाताऱ्या आई, सगळ्या पेठेच्या अव्वा, आरतीचे ताट घेऊन बाहेर आल्या. मोटारीच्या लांब नाकावर त्यांनी भस्म ओढले, गळ्याशी बैलाची घंटा, घाटी, बांधली आणि कौतुकाने म्हणाल्या, "देवाचा बसव आला की रं दाराला!" बसव म्हणजे नंदी. या लिंगायत घरांतून नवसाचा खोंड देवाला सोडताना असेच भस्म लावतात, अशीच घाटी बांधतात, आणि मग जन्मात त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. अव्वा बोलून गेल्या आणि विसरल्या. अप्पांनी मात्र तो शब्द उपरण्याच्या गाठीला बांधला.

"कवा काढनार मोटार?" असे कुणी विचारले की उत्तर तयार. "अव्वानं देवाला सोडलीया. जू कसं ठिवायचं?"

खरी गोष्ट निराळी होती. अप्पांना ओरखड्याची भीती वाटे. "वस्तू वापरली की जुनी हुती, मास्तर. ठिवली की आपली ऱ्हाती," हे त्यांचे आवडते तत्त्वज्ञान. नव्या वहाणा त्यांनी पायांपेक्षा हातातच जास्त वापरल्या. मनाने माणूस उदार, पेठेत कुणाचे अडले की आधी धावणार. पण त्या पत्र्याच्या खोलीत मांजरालाही मज्जाव होता. त्यांची एकुलती लेक निला लहानपणी हट्ट करी, "अप्पा, एक चक्कर!" अप्पा म्हणत, "फुडच्या म्हैन्यात." पुढे पुढे तिने विचारायचे सोडून दिले.

निलाचे पहिले लग्न ठरून मोडले होते. नवऱ्यामुलाच्या घरी कुणीसे अचानक वारले आणि अपशकुनाचे खापर पोरीच्या माथी फुटले. पोर वाळून गेली. मग मोहोळचे स्थळ जुळले. मुलगा गुणी, निलाला मनापासून आवडलेला. पण त्याचे चुलते शकुनांचे पक्के. त्यांनी आधीच बजावले, "अक्षदा येळेवर पडल्या न्हाईत, तर आमी मांडवातनं उठू."

लग्न सोमवारी दुपारी, मोहोळला, वराच्या दारी. अक्षता घराण्याच्या स्वामींच्या देखत पडायच्या आणि त्यांना यजमानाने स्वतः घेऊन जायचे ही त्यांच्यातली रीत, म्हणून बाकीची मंडळी आदल्या दिवशी पुढे गेली आणि अप्पा, अव्वा व सोबतीला मी मागे राहिलो. स्वामी वयोवृद्ध. त्यांची लिंगपूजा एकदा सुरू झाली की कुणी हाक मारायची नाही. नेमकी त्या दिवशी ती लांबली. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा आगगाडीचा धूर तेवढा दिसत होता.

पुढची गाडी संध्याकाळी. प्रवाशांची सर्व्हिस मोटार केव्हाच गेलेली. टांग्याचे घोडे अर्ध्या वाटेत बसले असते. बैलगाडीचे तर नावच नको. सोमवार हा बसवाचा वार, त्या दिवशी बैलाला जुंपायचे नाही. आम्ही स्वामींना घेऊन घरी परतलो. अप्पा कट्ट्यावर मटकन बसले. खोलीच्या दाराकडे सगळेच बघत होते.

शेवटी मीच म्हणालो, "अप्पा, मोटार काढा."

"देवाचा बसव हाय त्यो, मास्तर," अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "त्यात आज सोमवार."

मला असा संताप आला की जिभेवर आलेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत. पण माझ्या आधी अव्वा बोलल्या.

"लेकरा, देवाला सोडलेला बसव कुनी दाव्याला बांधतं व्हय रं? त्यो गावभर हिंडतो. कुनाच्याबी रानात तोंड घालतो, कुनी हाकलत न्हाई. तू त्येला खोलीत कोंडलास! पाप कुनाला लागंल? आन जुवाचं म्हनशील तर जू हाय कुटं त्येला? त्यो आपला चालंल, आपन नुस्तं बसायचं."

स्वामी गालात हसले. "अव्वाचं म्हननं बरोबर हाय की," म्हणाले आणि कुणी बोलवायच्या आत मोटारीकडे चालू लागले.

गुरूच उठल्यावर शिष्य काय करणार! अप्पांनी चादर काढली. पुढे अप्पा आणि स्वामी, मागच्या झाकणात अव्वा आणि मी. मोटार दोन आचके देऊन पेठेबाहेर पडली आणि मोहोळच्या रस्त्याला लागली. खडा उडून पत्र्यावर टण्ण वाजला की अप्पा "शिवशिवा" म्हणत. इतक्या वेळा शिवाचे नाव त्यांनी पूजेतही घेतले नसेल. अव्वा मात्र पदर घट्ट आवळून माझ्या कानाशी ओरडल्या, "मास्तर, लई ग्वाड वाटतंय की!"

अर्ध्या वाटेत धनगराची मेंढरे आडवी आली. मोटार थांबली, मेंढरांनी वेढली आणि एका एडक्याने दाराला खसकन शिंग घासले. तांबड्या रंगावर हातभर लांब पांढरी रेघ! धनगर घाबरून हात जोडू लागला, "मालक, मुकं जितराब हाय वो." अप्पा खाली उतरले. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवले. मला वाटले, आता हा माणूस इथेच बसकण मारणार. अप्पांनी वर सूर्याकडे पाहिले, धनगराकडे पाहिले आणि कानडीत म्हणाले, "होगली बिडु." म्हणजे, जाऊ दे, सोड. आणि मग अशी दामटली मोटार, की स्वामींनाच शिवाचा धावा करावा लागला.

आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा चुलते उपरणे झटकून उठायच्या बेतात होते. स्वामी धुळीने पांढरेफटक होऊन उतरले, तसेच हात-पाय धुऊन मांडवात गेले. अक्षता वेळेवर पडल्या. पडल्या तेव्हा मी एवढ्या मोठ्याने हुश्श केले, की शेजारचे गृहस्थ वळून बघू लागले.

नंतर निला पाया पडायला आली. हसत हसत म्हणाली, "अप्पा, आगगाडीतनं तुमी उतरला न्हाई, तवा समदे म्हनले, घरात मोटार हाय, येतील की. मी म्हनलं, छे! माजे अप्पा चालत येतील, पर मोटार काढनार न्हाईत."

सगळे हसले. अप्पाही हसले. थोड्या वेळाने ते दिसेनात म्हणून मी बाहेर गेलो, तर मोटारीच्या पायरीवर बसून उपरण्याने डोळे पुसत होते.

"पोरीनं बापाला बरोबर वळखलं हुतं, मास्तर."

"होतं," मी म्हणालो. "आता चुकली ती."

अप्पांनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

सोलापूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर दारात मोटार उभी. अंगावर मोहोळची धूळ तशीच, चालकाच्या जागेवर अप्पा.

"कुटं निघाला, मास्तर?"

"शाळेत. हे काय, पलीकडच्या गल्लीत."

"मग बसा की!"

त्या दिवशी बसव गावभर हिंडला आणि माझा पहिला तास बुडाला.