काकूंच्या स्वयंपाकघरातलं सरकार

सिंगापुरात नियम पाळणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण इथल्या सरकारला नियम करायला अजून पुष्कळ वाव आहे असं मनापासून वाटणारा माणूस मी एकच पाहिला. पासिर रिसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका. इतरांनी नियम पाळले की नाहीत हे तपासण्यात त्यांची बँकेतली सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला एकच धंदा हाताशी उरला, तो म्हणजे काकूंच्या चकल्या. काकू त्या घरूनच करून विकायच्या आणि अर्ध्या पासिर रिसची दिवाळी त्यांच्या सोऱ्यातून बाहेर पडायची. घरून धंदा करायचा तर पाटी लावायची नाही, शेजाऱ्यांना उपद्रव द्यायचा नाही आणि बाहेरचं माणूस कामाला घ्यायचं नाही, असं सरकार सांगतं. काकांना ते फारच मोघम वाटलं. त्यांनी स्वतः अन्नस्वच्छतेचा कोर्स केला, ज्या गॅसवर जन्मात चहा केला नव्हता त्याच्यासमोर प्रमाणपत्र टांगलं आणि केसांना जाळी लावल्याशिवाय काकूंना त्यांच्याच स्वयंपाकघरात प्रवेश बंद केला.

तळण सुरू झालं की काका आमची बेल वाजवून विचारायचे, "वास येतो का?" एकदा मी सरळ सांगितलं, येतो, आणि म्हणूनच दार उघडं ठेवलंय. काकांचा चेहरा उतरला. शेजाऱ्याला उपद्रव होतो म्हणून त्यांनी त्या दिवसाचं तळण अर्ध्यावर थांबवलं आणि मला काकूंची समजूत घालायला जावं लागलं. मी फायनान्समधला माणूस. सरकारने बाजारातून अंग काढून घ्यावं, हे माझं ठरलेलं भाषण. काका शांतपणे ऐकून म्हणत, "रस्ता मोकळा हवा असेल तर सिग्नल हवेतच." आणि तसं वागतही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चकल्या विकायला सुरुवात केली, तेव्हा हे आपणहून जाऊन त्यांना सगळे नियम समजावून आले, वर कुठलं तेल चांगलं तेही सांगून आले. स्पर्धा निकोप हवी म्हणे. काकूंनी आठवडाभर अबोला धरला.

काकूंना मनातून हवं होतं जुरोंग ईस्टला एक छोटंसं दुकान. विषय निघाला की काका परवान्यापासून गटाराच्या जाळीपर्यंत अटी ऐकवत बसायचे आणि काकू पीठ मळायला घ्यायच्या. मला फार वाईट वाटायचं.

मग ऐन दिवाळीच्या तोंडावर काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. ऑर्डरी तर घेऊन झाल्या होत्या. मी आणि बायको मदतीला धावलो, तर काकांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. बघायला हरकत नाही, हात लावायचा नाही. मग त्यांनी स्वतःच जाळी चढवली आणि सोऱ्या हातात घेतला. कढईत जे पडत होतं त्याला काटा होता, वेढे नव्हते. काकू खुर्चीत बसून एकेक घाणा बाद करत होत्या आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर अधिकाऱ्याचं सुख दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "घरात बाहेरची माणसं चालत नाहीत. दुकानात चालतात ना?"

खोटं बोलणं काकांच्या रक्तातच नव्हतं. "चालतात."

"मग दुकान घेऊ."

त्या दिवाळीला सगळ्यांकडे तुकडेच पोचले, वजनाला मात्र चोख. परवान्याची धावपळ काकांनीच केली आणि तपासणीत एक खोट निघाली नाही. दुकान आता झकास चालतं. काकूंच्या हाताखाली दोघीजणी आहेत, त्यातली एक खालच्या मजल्यावरची. तपासायला खरे अधिकारी येतात. काकांना काउंटरच्या आत यायला मनाई आहे, कारण कामावर नसलेल्या माणसाने आत यायचं नाही हा नियम त्यांनीच घालून दिलाय.

परवा संध्याकाळी बेल वाजली. काकू दुकानातून यायच्या होत्या. दारात काका एकटेच उभे.

"वास येतो का?" त्यांनी विचारलं.

समोरच्या घरात काही तळलं जाऊन कित्येक महिने झाले होते. मी हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, "येतो थोडासा."

काकांचा चेहरा उजळला. मग खिडक्या लावून घेतो म्हणाले आणि लगबगीने घरात गेले. मी मात्र बराच वेळ आमचं दार उघडं ठेवून उभा राहिलो.