सॅम्पलचं दूध

चकलांब्याच्या अलीकडच्या वाडीत राधाकिशनचा दरारा होता तो एका स्टीलच्या पेल्यामुळे. सोसायटीच्या डेअरीत तो अठरा वर्षं दूध तपासत होता. किटली समोर आली की मापात ओतायच्या आधी तो त्यातून पेलाभर दूध काढून मशीनच्या नळीखाली धरायचा. मशीन चमचाभर ओढून फॅट दाखवायचं आणि पेल्यात उरलेलं दूध राधाकिशनच्या डब्यात जायचं. ते सॅम्पलचं दूध, ते तपासणाऱ्याचं, असा नियम. कुठं लिहिलेला नव्हता, पण अठरा वर्षं चाललेल्या गोष्टीला कागद कोण मागतो?

माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सख्ख्या मेव्हण्याचं पाणी घातलेलं दूध त्याने चारचौघांत परत पाठवलं होतं. पण दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात गुरं उसाच्या वाढ्यावर आणि टँकरच्या पाण्यावर आली. दहा लिटर घालणारा दीड लिटर आणू लागला, पेला मात्र तेवढाच राहिला. दहा लिटरातून पेला गेलेला कुणाच्या ध्यानात येत नाही. दीड लिटरातून गेला की डोळ्यांत खुपतो. रांगेतल्या निवृत्तीने एकदा म्हणून पाहिलं, "पेला जरा अर्धा भर की, बे."

"नियम हाय," राधाकिशन म्हणाला.

तोंडावर तात्या म्हणणाऱ्या पोरांनी मागे त्याचं नाव 'कोतवाल' ठेवलं. टीव्हीवर रोज पाच वाजता एक कार्टून लागायचं. त्यात आटत चाललेल्या पाणवठ्यावर काठी घेऊन एक लांडगा उभा असे. हरीण येवो की ससा, एक घोट झाला की काठी आपटायची. तो कोतवाल. आणि गंमत अशी, की पोरं हे कार्टून बघायची राधाकिशनच्याच घरी, कारण लाईट गेली तरी चालणारा टीव्ही वाडीत तेवढाच. त्याची दोन्ही पोरं पुण्याला कामाला होती. घर भरलेलं दिसतंय म्हणून त्याची बायको सरूबाई खूश. लांडगा दिसला की पोरं दबक्या आवाजात म्हणायची, "आले बग तात्या." राधाकिशनला ऐकू जायचं. तो ऐकलं नाही असं करायचा, पण मनाला लागायचं. लागणारच.

एक दिवस डेअरीला निघता निघता तो दारात थबकला. टीव्हीवर त्या दिवशी हरीण नव्हतं, ससा नव्हता. एकटा लांडगा घरी चालला होता. ढोलीत त्याची आंधळी आई. त्याने काठी कोपऱ्यात ठेवली, आपल्या वाट्याचं घोटभर पाणी आईच्या वाडग्यात ओतलं आणि म्हणाला, "पी आई, पाणवठा काठोकाठ भरलाय." मग नुसतीच जीभ ओठांवरून फिरवून निजला. भाग संपला.

एरवी भाग संपला की कल्ला करणारी पोरं उठली नाहीत. सरूबाई म्हणाली, "ह्याला बी घर हाय म्हणा की."

निवृत्तीची मुक्ता आठ वर्षांची. ती वळून राधाकिशनकडे बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "तात्या, तुमी सॅम्पलचं दूध कुणाला देता?"

राधाकिशनने पायात चपला सरकवल्या. तो डेअरीला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी शोधच सुरू केला. कुणी म्हणे, छबुबाई म्हातारीला देतात. कुणी म्हणे, देवळामागच्या कुत्रीच्या पिल्लांना. तात्या कुणाला तरी देतात, यावर मात्र एकमत. राधाकिशन ओसरीवर भाकरी खाताना हे भांडण ऐकत होता, आणि ताटात दही होतं. सॅम्पलच्या दुधाचं, गाडग्यात लावलेलं, चाकूने कापावं असं दही. अठरा वर्षं तो ते एकटा खात आला होता. सरूबाईला दही चालत नसे.

त्याने ताट बाजूला सारलं.

बहात्तरच्या दुष्काळात तो नऊ वर्षांचा होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि तो तिथं वाटायच्या सुकडीच्या रांगेत उभा राहायचा. मुकादमाच्या डब्यात एकदा त्याने दही पाहिलं. मुकादमाने बोट चाटलं, ते बोटसुद्धा त्याच्या आठवणीत होतं. दह्याची ओढ तिथून. राधाकिशनला हे आज पहिल्यांदा नीट कळलं. पण कारण सापडलं म्हणून दोष जात नाही, हेही त्याला कळलं, आणि त्याला मनापासून लाज वाटली. लांडग्याने आपलं पाणी आईला दिलं होतं. ह्याने रांगेतल्या पोरांचं घेतलं होतं, आणि तीच पोरं त्याच्यासाठी भलेपणा हुडकत गावभर फिरत होती.

संध्याकाळी मुक्ता बापाची किटली घेऊन आली. पेला भरला, मशीनने चमचाभर ओढलं, फॅट दिसला. राधाकिशनने उरलेलं दूध परत तिच्या किटलीत ओतलं आणि मग किटली मापात ओतली. रांग बघतच राहिली. मागून धोंडीरामने विचारलं, "नियम कवा बदलला, राधाकिशन?"

"आज."

मुक्ता मात्र हलेना. तिचं तोंड उतरलं होतं.

"तात्या, परत कावून दिलं?"

"तुमचंच हाय ते."

"मंग तुमी ज्याला देत होता, त्यानं काय करायचं? उपाशी राहील की."

राधाकिशनने पेला खंगाळला. पाणी बाहेर ओतलं.

"त्याला आता लागत न्हाई," तो म्हणाला. "लई मोठं झालंय ते पोरगं. पन्नाशीला आलंय. चल, हो बाजूला, धोंडीरामची किटली येऊ दे."