अंड्यातली खिडकी

माझी पुतणी मुक्ता तिच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्याला इवलीशी खिडकी पाडते. परवा मी त्या खिडकीतून डोकावलो, तर आत एक लाल ठिपका चक्क धडधडत होता! पडदा वर गेल्यासारखे दोन्ही हात पसरून मी ओरडलो, "वाहवा!"

"काका, हळू," मुक्ता म्हणाली. "प्रत्येक पेशीत जनुकांची अख्खी पोथी असते, पण बासनात घट्ट बांधलेली. हृदय घडताना त्याच्यापुरत्या पानांवरचं बासन सैल होतं आणि ती पानं वाचणारेही नेमके तेव्हाच जमतात. भलतं पान भलत्या वेळी उघडलं, तर घडतंय तेच बिघडतं."

माझे हात हळूहळू खाली आले. स्वतःचं ठरलेलं लग्न मोडणार असल्याचं तिनं गेल्या महिन्यात फक्त मला सांगितलं होतं. आईला ती सावकाश सांगणार होती. मी ते बारशाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता, होणाऱ्या व्याह्यांची नक्कल करून सांगून टाकलं. काय हशा मिळाला! फक्त वहिनी हसल्या नाहीत. तेव्हापासून त्या लेकीशी बोललेल्या नाहीत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला जे कळतं, ते पन्नाशी उलटलेल्या मला कळलं नव्हतं.

मुक्तानं खिडकीवर चिकटपट्टी लावली. "थोडी उरलीय, काका. हवी का?" ती हसली. मला मान वर करवेना.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "काय म्हणत होती मुक्ता?"

"तिलाच विचार," मी म्हणालो.

तिनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.