खाकी कव्हरं

बाजारात स्फोट झाला आणि त्यात दादा गेला. तेव्हापासून मी जगभरच्या अतिरेकी चळवळींच्या नेत्यांची चरित्रं वाचतो आहे. ते चेहरे घरात नकोत म्हणून वहिनीने सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, दादा मुलीच्या पुस्तकांना घालायचा तशीच.

आता कुठलं पुस्तक कोणाचं, ते ओळखू येत नाही. कुणी धर्मासाठी लढलेला, कुणी गरिबांसाठी. कुठलंही उघडावं, तर आपल्या माणसांविषयीचा कळवळा प्रत्येकात आहे. मग भाजी निवडत उभा असलेला दादा कुणाच्याच माणसांत कसा बसला नाही?

"भावोजी, सापडलं का काही?" वहिनी विचारते.

"नाही अजून."

"मग आणखी आणा. कव्हरं घालीन मी."

दादाने आणलेल्या खाकी कागदाची गुंडाळी अजून कपाटामागे उभी आहे.