राजाचं देवक

मागच्या हिवाळ्यात तुमच्या धाकट्या मावशीसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या लेकीसाठी, इथं आखातात अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटवर सहम गावाहून पाहुणे आले. मुलगा तिनेच पसंत केला होता. आम्ही फक्त हो म्हणायचं राहिलं होतं. पण मुलाच्या वडिलांनी एक खजूर तोंडात टाकला आणि ते थेट देवगिरीच्या एका राजाच्या घरात शिरले. राजाला राण्या तीन. मधलीचा मुलगा सावत्र भावाशी भांडून कोकणात उतरला, त्याचाच म्हणे हा वंश. राण्यांची भांडणं ते शेजारच्या घरातली असावीत तशी सांगत होते. स्वतःच्या आजोबांचं गाव विचारलं, तर मात्र अडखळले. मला शंका आली. राजाच्या आड ही माणसं काय लपवताहेत?

मी विचारलं, "तुमचं देवक कोणतं?"

"आधी तुमचं सांगा."

"कळंब."

"बघा! राजाचंही कळंबच. म्हणजे आमचंही तेच!" ते खूश झाले.

एक देवक म्हणजे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मावशी कॉफीचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तिचा चेहरा मला बघवेना.

मुलाच्या आई म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! आपल्या लग्नात देवक म्हणून मोरपीस पुजलंय. पोराचं लग्न मोडाल अशानं. तुमचा तो राजा आता खलास!"

मी मावशीला कहवा ओतायला सांगितलं. व्याह्यांनी काही सांगितलं, की मी अजूनही आधी विहीणबाईंना विचारते.