माझ्या डोळ्यातली कीड

आता माझा शहाणपणा ऐकाच! तासगावकडं आमची द्राक्षबाग. तीस वर्षं बाग करतोय. लांबून पान बघून रोग सांगणारा माणूस, असं माझं गावात नाव. म्हणजे, होतं.

गेल्या हंगामात एका सकाळी बागेत गेलो, तर घडाघडावर काळी बारीक कीड उडतेय! आदल्या दिवशी एक नव्हती. पंप जोडला, फवारा मारला. दुसऱ्या दिवशी दुप्पट!

मग काय, शेजारच्या पांडूतात्यांवर घसरलो. "तात्या, तुमच्याच बागंतनं आली ही कीड. येळेवर औषध मारत न्हाईसा!"

तात्यांनी घड फिरवून फिरवून बघितला. "गड्या, हितं एक बी किडा न्हाई."

"न्हाई? ह्या एका घडावर धा हायत!"

सत्तरीचा माणूस, मान खाली घालून निघून गेला. मी दुसरा फवारा मारला.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. डावीकडं लखकन वीज चमकली. "सुनंदा, पाऊस आला!" बायको बाहेर आली. आभाळ निरभ्र! तिनं माझ्याकडं रोखून बघितलं.

"आवं, ती कीड आता कुटं हाय?"

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर होती. दुधाच्या पातेल्यात होती. तिच्या कपाळावरसुद्धा होती! तिनं माझा डावा डोळा हातानं झाकला. कीड गेली. हात काढला, आली.

तशीच गाडी करून सांगली गाठली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"दोन फवारण्या झाल्या."

डॉक्टर हसले नाहीत. डोळ्यात थेंब घालून तपासलं आणि म्हणाले, "एखादा जुना ठिपका तरंगतो, त्याचं काही नाही. पण अचानक ठिपक्यांचा थवा, वर विजा, म्हणजे त्याच दिवशी यायचं! आतला पडदा फाटलाय. सुटला असता तर डोळा गेला असता."

लेझर करून डोळा वाचला. पण येताना माझी मलाच लाज वाटली. रोज हजार पानं उलटून बघणारा मी, माझाच एक डोळा झाकून बघायचं सुचलं नव्हतं. आणि बोल लावला तात्यांना. तसाच त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली.

महिन्याभरानं घडांवर पुन्हा कीड! आता मी शहाणा झालो होतो. पंपाला हात न लावता तडक सांगली.

डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. बागेला औषध मारा!"

परत येतो तर पाठीवर पंप लावून तात्या माझ्याच बागेत.

"गड्या," ते म्हणाले, "ह्या खेपंला मला बी दिसली."